पाठीवरची काढलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी कॉर्वेट मोटार आहे. निळसर रुपेरी रंगाची, दोनच माणसं बसतील एवढी. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. माझ्याहून देखण्या गाड्या पुष्कळ आहेत. पण तुम्ही थांबलाच आहात, तर सांगते.

आमच्या घराण्याची सुरुवात १९५३ साली मिशिगनमधल्या फ्लिंट गावी झाली. पहिल्या वर्षी माझ्या फक्त तीनशे थोरल्या बहिणी जन्मल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. कॉर्वेट हे नाव एका छोट्या, चपळ युद्धनौकेचं. त्या बहिणींना बाहेरून दार उघडायला मूठसुद्धा नव्हती, आत हात घालून कडी काढावी लागे. नाव वेगवान, पण इंजिन साधं सहा नळकांड्यांचं होतं. आठ नळकांड्यांचं इंजिन १९५५ साली आलं, तेव्हा कुठे घराण्याची अब्रू राहिली.

आमचं अंग लोखंडी पत्र्याचं नसतं. काचेचे धागे आणि राळ यांच्या थरांचं असतं, म्हणून ते गंजत नाही. पण त्यातून वीजही वाहत नाही. इतर गाड्यांमध्ये दिव्याची वीज पत्र्यातूनच परत जाते, आमच्यात मात्र प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार द्यावी लागते. एखादी तार सैल झाली की दिवा गेलाच. अंगाखालचा सांगाडा मात्र लोखंडाचा. तो गंजतो, आणि वरून कुणाला कळत नाही.

मी जन्मले १९६३ साली, सेंट लुइस शहरात. माझ्या पिढीला पाकट माशाचं नाव मिळालं होतं. पाकटासारखीच मी चपटी, नाकाशी धारदार. माझे दिवे दिवसा पोटात वळून लपतात. पुढच्या झाकणावर हवेसाठी दोन जाळ्या दिसतात, त्या नुसत्या शोभेच्या आहेत. सामान ठेवायला मागून दार नाही, आसनांच्या मागे कोंबावं लागतं. आणि मागच्या काचेच्या मधोमध, कण्यासारखी, एक पट्टी होती. त्या पट्टीवरून आमच्या कंपनीत वाद झाला होता म्हणतात. रूप ठरवणाऱ्यांना ती हवी होती. यंत्र जाणणारे म्हणत, मागचं दिसणार कसं? पट्टी एकच वर्ष टिकली. पुढच्या वर्षीच्या बहिणींना अखंड काच आली.

मला विकत घेतलं ऑगी टेगेलरने. तो गवंडी होता. सेंट लुइस हे विटांचं शहर. जुन्या भिंतींच्या सांध्यांतला झिजलेला चुना खरवडून नवा भरायचा, हे त्याचं काम. दुकानात त्याने विक्रेत्याला माझी माहिती विचारण्याआधी विचारलं, "तू कुठल्या शाळेत होतास?" या शहरात तसंच विचारतात. शाळा शेजारची निघाली आणि सौदा ठरला.

ऑगीच्या घरामागे विटांची अरुंद गल्ली आहे. गल्लीत जुन्या काळची राख टाकायची सिमेंटची टाकी. त्याची बायको बर्निस मला मागे घेताना त्या टाकीवर आदळली. मग पुन्हा आदळली. ती म्हणाली, "मागे बघावं तर मधे नाक उभं. टाकी दिसत नाही, ती माझी चूक?"

शनिवारी ऑगीने पुढच्या वर्षीची अखंड काच आणली, करवत घेतली आणि माझ्या पाठीवरची पट्टी कापून काढली. कडा घासून, राळ भरून अशा गुळगुळीत केल्या की सांधा शोधून सापडू नये. तेव्हा अशी काच बसवणारे बरेच होते. गल्लीतले लोक म्हणाले, अगदी नवी गाडी वाटते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

काढलेली पट्टी ऑगीने टाकली नाही. गवंडी काही टाकत नाही. त्याने ती परसात मिरचीच्या रोपाला आधार म्हणून रोवली.

पुढे काळ उलटला. एकाच वर्षी निघालेली ती दुभंगलेली काच जगात दुर्मीळ ठरली. आमच्या हौशी लोकांचे मेळावे भरतात, तिथे परीक्षक असतात. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच हवी, ना उणी, ना अधिक. रंग कारखान्याहून चांगला दिला तरी गुण कापतात. अशा एका मेळाव्यात ऑगी मला हौसेने घेऊन गेला. लोक माझ्या पाठीशी येऊन थबकत आणि हसत. एकजण म्हणाला, "ऑगी, बायकोच्या पियानोचे पायपण कापलेस का?" ऑगीसुद्धा हसला. पण नंतर मेळाव्याला तो कधी गेला नाही. लोक त्याला ऑगी करवत म्हणत. त्याच्या अंत्यविधीला आलेल्या एकाने ते नाव घेतलं, आणि ते त्याच्या मुलीने, कॉलेटने, ऐकलं.

कॉलेटच्या मनात ते सलत राहिलं. तिने ठरवलं, पट्टी परत बसवायची, उन्हाळ्याच्या मेळाव्यात मला उभी करायची आणि बाबांच्या नावावरचा डाग धुऊन काढायचा. त्यासाठी तिने मेळावे भरवणाऱ्या मंडळातल्या डेलला बोलावलं. हा डेल असल्या कामात निष्णात होता. त्याने कॉलेटला आधीच सांगितलं, की एकदा पट्टी बसली की मला रस्त्यावर नेऊ नये. प्रदर्शनाच्या दालनात झाकून ठेवावी.

तेव्हा मी घाबरले, मित्रांनो. मला दालन नको होतं. ईस्टरआधीच्या उपासातल्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळतात. बर्निस दर वर्षी मला घेऊन तिथे जाई आणि घरी परतेपर्यंत माझ्या आसनांना तळणीचा वास येई. मला तो वास आवडतो. पण बर्निसचे डोळे गेले होते. कडेचं दिसे, मधलं धूसर. गाडी चालवण्याचा परवाना तिने स्वतःच परत केला होता, आता मला कॉलेट चालवी. बर्निस म्हणाली, "ऑगीने गाडीतली पट्टी काढली, तर ती माझ्या डोळ्यांत येऊन बसली."

डेल आला तो उपासातला शेवटचा शुक्रवार होता. कॉलेटने परसातून पट्टी उपटली. माती लागलेली, पण कुजली नव्हती, गंजली नव्हती. डेलने ती धुतली आणि माप बघायला म्हणून माझ्या काचेवर चिकटपट्टीने लावली. अगदी जागच्या जागी बसली. तो हळू आवाजात म्हणाला, की कापणाऱ्याचा हात फार स्वच्छ होता. कॉलेटने तोंड फिरवून डोळे पुसले.

बर्निस ऐकत होती. ती म्हणाली, "बसव हवं तर. खरं सांगू? मी त्या नव्या काचेतून कधी बघितलंच नाही. खिडकीतून डोकं काढून गाडी मागे घ्यायची. त्याने शनिवार घालवला, मग कसं सांगणार?"

"आई, म्हणजे बाबांनी उगाच..."

"उगाच कसं? त्यानंतर टाकीला एकदातरी धडकले का मी? आता चल, मासे संपतील."

कॉलेट स्टिअरिंगपाशी बसली. बर्निस नेहमीच्या सवयीने गल्लीत मागे जाऊन उभी राहिली आणि हात हलवून ये, ये करू लागली. मी हळूच मागे सरकले आणि थांबले. कॉलेटने ब्रेक दाबला होता. ती आरशात बघत होती. पट्टीच्या एका बाजूला बर्निसचा एक हात दिसत होता, दुसऱ्या बाजूला दुसरा. मधे बर्निस नव्हती.

कॉलेट उतरली. तिने चिकटपट्टी सोलून पट्टी उतरवली.

"काय झालं?" बर्निसने विचारलं.

"तू दिसत नव्हतीस, आई."

"आणि टाकी?"

"ती दिसत होती. ती रुंद आहे."

बर्निस एवढी हसली की तिला टाकीचाच आधार घ्यावा लागला. डेल पट्टी हातात धरून उभा होता. त्याने विचारलं, ही आता कुठे ठेवू?

"जिथून काढली तिथे. मिरच्या लावायच्यात अजून," बर्निस म्हणाली. "आणि सरळ रोव, डेल. तो सरळ रोवायचा."

उन्हाळ्यात कॉलेटने मला मेळाव्याला नेलं, ते फक्त फिरायला. कुणीतरी पाठीशी येऊन हसलंच. ती म्हणाली, "माझ्या बाबांनी कापली. सांधा शोधून दाखवा." तो माणूस बराच वेळ वाकून बोट फिरवत राहिला. त्याला तो सापडला नाही.

मित्रांनो, मला बक्षीस कधी मिळालं नाही, आणि आता मिळणारही नाही. त्याचं फारसं दुःखही नाही. एवढंच सांगते, घरातल्या जुन्या वस्तूवर कुणाच्या हाताची खूण दिसली तर हसण्याआधी विचारा, ती कुणासाठी केली होती. आणि आम्हाला वापरा. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते पोटाखालून धुऊन टाका. दिव्यांच्या परतीच्या तारा बघत जा. बाकी माझं बरं चाललं आहे. पुढचा उपास येईल, मासे तळले जातील. गल्लीतून मागे सरकताना कॉलेटला आरशात तिची आई दिसते. अख्खी.