स्क्रूंनी भरलेला ॲशट्रे

मी एक जुना पितळी ॲशट्रे आहे. नाकं मुरडायची असतील तर आत्ताच मुरडून घ्या, मित्रांनो. मला सवय आहे. मला स्वतःला नाक नाही, पण पस्तीस वर्षं लोकांच्या नाकाखाली काढल्यामुळे नाकांची पारख मात्र पक्की आहे.

ओतकाम करणाऱ्याने मला घडवलं, काठाला दोन खाचा पाडल्या आणि मी एका घड्याळजींच्या टेबलावर आलो. एक खाच त्यांची, दुसरी समोरच्या शिंप्याची. हे दोघे लहानपणापासूनचे दोस्त. रोज दुपारी माझ्यापाशी बसत. "काय झकास ॲशट्रे आहे!" असं गिऱ्हाइकं म्हणत. मीही फुगायचो.

मग घड्याळजींच्या छातीचा फोटो निघाला. दुकानात येऊन त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, आता एकही ओढलीत तर माझ्याकडे येऊ नका."

"मग आधी हे ध्यान भंगारात घाला," काकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"अजिबात नाही. हा इथेच राहील. त्याच्यासमोर सोडली तर खरी सोडली."

पितळ राखेने घासतात, पण मला साबण लागला. दुकानात राखेचं नाव काढायची सोय उरली नव्हती. मग माझ्या पोटात घड्याळांचे बारीक स्क्रू आले.

सिगारेट सोडलेली माणसं तेव्हापासून मी निरखतो आहे. एक बसड्रायव्हर रस्त्यावरचा धूर आला की नाकाला असा रुमाल लावतो, जणू जन्मात कधी ओढलीच नाही. माझी खाच काळी करण्यात याचाही हात होता! एक निवृत्त मास्तर "शी, शी!" करतात आणि धूर येतो त्याच बाजूला सरकून उभे राहतात. आमचे घड्याळजी दोन्ही करत. सकाळी म्हणत, "काय घाण वास!" संध्याकाळी तोच वास आला की लांब श्वास घेत.

चौथ्या महिन्यात खिडकीखाली कोणीतरी सिगारेट पेटवली. घड्याळजींच्या डोळ्याला भिंग, चिमट्यात स्क्रू. वास आला आणि त्यांचा हात आपोआप माझ्याकडे वळला. चिमटा माझ्या काठावर टकटक आपटला. स्क्रू उडाला तो गेलाच! दोघं नवरा-बायको गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होते.

"अहो, राख झाडलीत की हो तुम्ही!" काकू हसत सुटल्या. तेही हसले. मग उठून त्यांनी खिडकी लावून घेतली.

आणि एके दिवशी शिंपी आला. घड्याळजींनी सिगारेट सोडल्यापासून फिरकला नव्हता. बसला, सिगारेट पेटवली, गप्पा मारता मारता राख झाडायला हात सवयीने आपल्या खाचेकडे आणला.

घड्याळजींनी माझ्यावर तळहात धरला. गरम राख त्यांच्या हातावर पडली. हात हलला नाही.

"आत स्क्रू आहेत."

"मग काढ की बाजूला! पस्तीस वर्षांची जागा आहे माझी."

"जागा तुझीच आहे रे. बस हवा तेवढा. धूर बाहेर."

"एवढा वास सहन होत नाही तुला?"

"अरे, आवडतो!" घड्याळजी ओरडले. "अजून आवडतो, म्हणून तर सांगतोय, गाढवा!"

 शिंपी उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, संपली दोस्ती. पण त्याने पायरीवर सिगारेट चिरडली आणि परत आला. कॉलरमधली टाचणी काढून त्याने माझ्यात टाकली.

"घे. काहीतरी टाकल्याशिवाय मला इथे बसता येत नाही."

मित्रांनो, घरात माझा एखादा भाऊबंद सापडला तर त्याला फेकू नका, लपवूही नका. घासा आणि समोर ठेवा. बटणं, खिळे, खडू, हवं ते भरा. फक्त त्याला रिकामा ठेवू नका. मी आता राख घेत नाही. कोणी टाकून तर बघा!