हर्षदच्या मांडीतली पट्टी

मित्रांनो, चाव्यांच्या जुडग्यात राहणारं टायटॅनियमचं एक छोटंसं अवजार म्हणजे मी. लांबीला मी तुमच्या मधल्या बोटाएवढाच आहे. माझ्या एका टोकाला स्क्रू फिरवायची चपटी कड आहे, दुसऱ्या टोकाला बाटलीचं झाकण उघडायची खाच आहे आणि पोटात दहा नंबरचा नट बसेल असं सहा कोनांचं भोक आहे. मी कुठल्याही दुकानात मिळत नाही. मला एका बहिणीने स्वतःच्या हातांनी घडवलं. पण त्याआधी काही वर्षं मी तिच्या भावाच्या शरीरात होतो. घाबरू नका. जे घडलं ते मी सरळ सांगतो.

आगरदांड्याच्या जेट्टीवरून खाडीपलीकडे दिघीला फेरीबोट जाते. हर्षद त्या बोटीवर खलाशी होता. धक्क्यावर दोर फेकायचा, बोटीची फळी खाली सोडायची, मोटरसायकली नीट लावून घ्यायच्या, अशी त्याची कामं. एकदा भरतीच्या लाटेने बोट अचानक सरकली आणि बोट आणि धक्का यांच्यामध्ये त्याचा पाय सापडला. मांडीचं हाड मोडलं. अलिबागला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला त्याच्या हाडावर ठेवून स्क्रूंनी घट्ट बसवलं. तेव्हा मी एक लांब, जाड पट्टी होतो आणि माझ्या अंगावर ओळीने भोकं होती.

शरीराच्या आत अंधार असतो मित्रांनो, पण शांतता नसते. रक्त सारखं वाहत असतं. बाहेरचे आवाजही पाण्याखालून यावेत तसे आत येतात. हर्षद हसला की मला हादरा बसायचा. हाड जुळलं, पण पाय थोडा आखूड राहिला. तो लंगडत चालायचा. एक पाऊल जड पडायचं, दुसरं हलकं. ती चाल माझ्या अंगात मुरली. डॉक्टर म्हणाले, "पट्टी राहू दे आत. ती जन्मभर गंजणार नाही."

त्याची मोठी बहीण प्रांजली आयटीआयमधून फिटर झाली होती आणि जेट्टीजवळच्या एका गाळ्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करायची. दुपारी जेवायला घरी जाताना हर्षद तिच्या दारात थांबायचा.

"ताई, मला चावीला लावायला एक बारकंसं अवजार बनव ना. या खाऱ्या हवेत खिशातला पाना टिकतच न्हाय बघ. माज्या पायात घातलंय ना, तसलं काहीतरी शोध. न गंजणारं."

"मग पाय काढून दे," प्रांजली हसत म्हणायची. "हातातलं इंजिन होऊ दे. मग बनवते."

ते इंजिन व्हायचं आणि दुसरं यायचं. हर्षद मागायचा थांबला नाही आणि तीही खोटं बोलत नव्हती. तिला खरंच बनवायचं होतं.

भातकापणीच्या दिवसांत हर्षदला ताप आला. साधाच वाटला, अंगावर काढला. मग डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. त्याच्या रक्ताचा आवाज थांबला तेव्हा मी तिथेच होतो. त्याबद्दल मी जास्त काही सांगणार नाही.

गावाबाहेर खाडीच्या काठी त्याला अग्नी दिला. हाड जळून गेलं, स्क्रू निसटून राखेत हरवले, पण मी राहिलो. दुसऱ्या दिवशी माणसं राख सावडायला आली. हर्षदच्या काकांना, महिपतला, काठीने राख सारताना मी सापडलो. मी काळवंडलो होतो, कुठेकुठे निळसर झालो होतो.

"हे काय रं?" महिपत म्हणाला.

"त्याच्या पायातली पट्टी," प्रांजली म्हणाली.

हर्षदची आई, बायजाबाई, जरा लांब बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "ते पन मडक्यात टाका, भावजी. त्याचं सगळं त्याच्यासंगं जाऊ द्या."

"राख चिकटलीय. धुऊन आणते," असं म्हणून प्रांजलीने मला उचललं आणि पाण्याकडे गेली. मला धुतलं, ओढणीच्या टोकात बांधलं आणि परत येऊन ती गप्प उभी राहिली. त्या दुःखात पुन्हा कोणाला माझी आठवण झाली नाही. मडकं माझ्याशिवायच खाडीत सोडलं.

हर्षदच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला बुद्धवंदना झाली, आलेले पाहुणे परतले. त्यानंतरच्या रविवारी प्रांजलीने बंद गाळा उघडला. तिने मला टेबलावरच्या व्हाइसमध्ये, त्या लोखंडी पकडीत, धरलं. सुईने माझ्यावर रेघा आखल्या.

"दिलास ना शेवटी पाय काढून," ती म्हणाली आणि तिने करवत उचलली.

टायटॅनियम कापणं सोपं नसतं. घाई केली की मी तापतो आणि करवतीचं पातं बोथट करून टाकतो. प्रांजली हळूहळू कापत होती, मधेमधे कुलंटचे, म्हणजे धातू थंड ठेवणाऱ्या तेलाचे, थेंब सोडत होती, पातं बदलत होती. दुपार झाली. ती जेवायला आली नाही म्हणून बायजाबाई डबा घेऊन गाळ्यावर आली. दारातच तिची नजर माझ्यावर पडली.

"काय कापतेस गं?"

प्रांजलीचा हात थांबला.

बायजाबाईने डबा खाली ठेवला. "माज्या लेकराच्या हाडाला लागलेलं हाय ते. त्याला करवत लावलीस?"

"आई, ऐक ना..."

"काय ऐकू? आगीत जळला तो एकदाच जळला. तू त्याला फिरून कापतेस!"

त्या वेळी प्रांजलीने सांगायला हवं होतं की हे त्यानेच मागितलं होतं. पण ते सांगायचं, तर आपण किती वेळा टाळलं तेही सांगावं लागलं असतं. तिने मान खाली घातली आणि करवत पुन्हा ओढली. जरासंच उरलं होतं. मी तुटलो आणि माझा मोठा तुकडा जमिनीवर पडला.

बायजाबाईने तो उचलला, पदरात घेतला आणि ती जेट्टीच्या टोकापर्यंत चालत गेली. तिथून तिने तो खाडीत सोडला. प्रांजली दारात उभी राहून बघत होती. परत जाताना बायजाबाई तिच्याकडे न पाहता म्हणाली, "ह्या गाळ्याची पायरी मी पुना चढनार न्हाय."

तेव्हापासून मित्रांनो, माझा एक भाग खाडीच्या तळाशी पडून आहे. तिथे गाळ असेल, अंधार असेल. तोही गंजणार नाही. तो तसाच राहील.

माझं काम प्रांजलीने पूर्ण केलं. ग्राइंडरच्या चाकाला मी टेकलो की पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडायच्या. लोखंडाच्या ठिणग्या अशा नसतात. तिने भोक पाडून ते तिकोनी कानशीने घासत घासत सहा कोनांचं केलं. खाच कोरली, कड चपटी केली. हर्षदच्या हाडावर बसावं म्हणून डॉक्टरांनी मला किंचित वाक दिला होता. तो काढायला तिने मला व्हाइसमध्ये दाबलं, पण पकड सैल होताच मी पुन्हा वाकलो. तिने दोनतीनदा प्रयत्न केला. मग माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "बरं, राहू दे तसाच." स्क्रूचं एक जुनं भोक उरलं होतं, त्यात तिने चावीची कडी अडकवली.

मी तयार झालो. प्रांजलीने मला तळहातावर घेतलं आणि कोणाला काही द्यावं तसा हात पुढे केला. समोर कोणी नव्हतं.

तिला मला वापरवेना. तिने मला घराच्या जादा चाव्यांबरोबर दाराशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलं. माझ्या अंगावर धूळ बसू लागली. घरात मायलेकी कामापुरतंच बोलायच्या. पाणी आलं. दार लाव. एवढंच. आधी एक जेवायची, मग दुसरी.

आणि दुपारी पावलं वाजू लागली.

हर्षद ज्या वेळेला जेवायला यायचा, त्याच वेळेला ओट्यावर एक पाऊल जड आणि एक हलकं पडायचं. पावलं उंबऱ्यापर्यंत यायची आणि थांबायची. पुढे काही नाही. बायजाबाई भात ढवळता ढवळता थिजून जायची. दार उघडंच असायचं. बाहेर ऊन आणि समोरची नारळाची झाडं.

एकदा महिपत आला होता, तेव्हा ती त्याला म्हणाली, "भावजी, आपन भूतबित मानत न्हाय, ठावं हाय मला. पन पाय वाजतात त्याचं काय करू?"

"मनाचे खेळ हायत, वैनी."

"आसंल. पन तो अर्धा खाडीत आन अर्धा त्या खिळ्याला. जाईल कुठं तो?"

मित्रांनो, धातूला मन नसतं म्हणतात, मग भासही नसावेत. पण ती पावलं मीही ऐकली. त्या चालीच्या आत मी राहिलेलो होतो. मला ती चुकणं शक्य नव्हतं. ती पावलं कोणाची, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हा मी खिळ्यावर असायचो, वारा नसायचा, तरी माझ्या कडीतल्या चाव्या हलायच्या.

एके दिवशी पावलं वाजून थांबली तशी बायजाबाई उठली. तिने मला खिळ्यावरून काढून मुठीत धरलं आणि घराला कडी घालून ती जेट्टीवर गेली. तिने दिघीचं तिकीट काढलं. दिघीला तिचं काही काम नव्हतं. खाडीच्या मधोमध पाणी खोल आहे, तिथे तिला मला सोडायचं होतं.

बोट निघाली. बायजाबाई कठड्याशी उभी राहिली. तिच्या घामाने मी ओला झालो होतो. खाली इंजिन धडधडत होतं. मधलं खोल पाणी जवळ आलं तसं माझ्या अंगात गार काहीतरी शिरलं. तिने मूठ कठड्याबाहेर काढली.

"काकू, जरा मागं व्हा," कोणीतरी म्हणालं. तो अल्पेश होता, हर्षदच्या जोडीला काम केलेला खलाशी. कठड्याच्या साखळीचा नट सैल झाला होता आणि तो बोटांनीच आवळत होता. साखळी सुटली तर तिला टेकून उभी असलेली माणसं पाण्यात जाणार. त्याची नजर बायजाबाईच्या मुठीकडे गेली. "ते काय हाय? पाना हाय का त्याला? द्या बरं पटकन."

बायजाबाईची बोटं आवळली. साखळीशी एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन उभी होती. बायजाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि मग मला अल्पेशच्या हातात दिलं.

त्याने मला नटावर बसवलं. मी नेमका बसलो. मित्रांनो, माझं ते पहिलं काम. अल्पेशने जोर लावून नट घट्ट केला, मग माझ्या कडेने शेजारचा गंजलेला स्क्रूही आवळला. तेव्हा माझी कड जराशी दुमडली. त्याने मला शर्टाला पुसलं, उलटसुलट करून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"प्रांजलीताईनं बनवलं शेवटी?"

"शेवटी म्हंजे?" बायजाबाई म्हणाली.

"हर्षद्या रोज सांगायचा. माझी ताई मला चावीला लावायला अवजार बनवणार हाय, न गंजणारं. आमचं डोकं खायचा नुसतं. मागं लागला होता ना तिच्या."

"त्यानं मागितलं होतं?"

"व्हय तर. तुम्हाला न्हाय सांगितलं ताईनं?"

बोट खोल पाणी ओलांडून पुढे गेली. तिने मला परत घेतलं आणि ती बाकावर बसली. दिघीला ती उतरलीच नाही. त्याच बोटीने परत आली. येतानाही बोट त्या जागेवरून गेली, तेव्हा तिने मला पदराखाली घेतलं.

जेट्टीवरून ती घरी न जाता गाळ्याकडे गेली. पायरीशी थोडी थांबली. मग वर चढली.

प्रांजली इंजिनावर वाकली होती. आईला पाहून ती ताठ उभी राहिली. बायजाबाईने मला टेबलावर ठेवलं.

"ह्याची कड वाकलीय. अल्पेशनं स्क्रू आवळला ह्यानं. नीट करून दे."

प्रांजली माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने मला व्हाइसमध्ये धरलं आणि कानस घेतली. कानशीचा पहिला हात जोरात बसला, कर्र आवाज आला.

"हळू घास," बायजाबाई एकदम पुढे होऊन म्हणाली. "दुखंल त्याला."

प्रांजलीच्या हातातून कानस गळून पडली. ती व्हाइसवर डोकं टेकून रडू लागली. "मी रोज उद्यावर ढकललं, आई. रोज."

बायजाबाईने कानस उचलून तिच्या हातात दिली. कुलंटची बाटली स्वतः घेतली. "तू घास," ती म्हणाली. "मी थेंब सोडते."

आता मी बायजाबाईच्या कमरेला असतो. कुकरच्या कानाचा स्क्रू, शिलाई मशीनचा नट, शेजारच्या नलूच्या सायकलची घंटा, सगळी कामं मी करतो. अधूनमधून एखाद्या दुपारी ओट्यावर पावलं वाजतात. बायजाबाई दाराकडे बघते, पण आता ती थिजत नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी सांगणार नाही. मी गंजत नाही, मला दुखतही नाही. पण तुमच्याजवळ कुणी हौसेने काही मागितलं, तर तो माणूस समोर आहे तोवर द्या. आणि तुमच्या घरात कोणी गेलेल्या माणसाची वस्तू घेऊन काही करत बसलं असेल, तर ती हिसकावू नका. जवळ बसा आणि हे का करतेस, एवढं विचारा. त्या रविवारी गाळ्यात बायजाबाईने तेवढं विचारलं असतं आणि प्रांजलीने खरं सांगितलं असतं, तर एकाच घरात दोघी इतके दिवस वेगवेगळ्या जेवल्या नसत्या.