दर्यात गादा, किनाऱ्यावर देव

शंख वाजला आणि बुरोंडीच्या समुद्रात काळ्या पाठी वर आल्या. एक, तीन, सात. भक्तांच्या तिन्ही होड्यांतली माणसं एकदम उठली, होड्या कलंडायला आल्या, तरी कुणी बसायला तयार नाही. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी तर डॉल्फिनचा फोटो काढून मोबाईलच कपाळाला लावला.

मत्स्यलहरी महाराज शंख ठेवून मंद हसले. पाच वर्षांपूर्वी हा गृहस्थ चिपळुणात दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत होता. बोलणं अजून तेच, यंत्राच्या जागी मासा आला इतकंच. म्हणे डॉल्फिनच्या मेंदूत अखंड ओंकार चालतो, त्याच्या लहरी पाण्यातून रोग्याच्या मज्जातंतूत शिरतात. मात्र अंगात इंग्रजी औषध असेल तर लहर आल्या पावली परत जाते. म्हणून एकवीस दिवस गोळ्या बंद.

मासेमार भिवाने आपल्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, अक्षयाच्या, फिटच्या गोळ्या बंद केल्या होत्या. त्या चालू होत्या तोवर दोन वर्षांत तिला एकही फिट आली नव्हती. उपकेंद्रातल्या नर्स दमयंतीबाई तीनदा त्याच्या दारात गेल्या, समजावून थकल्या, शेवटी शिव्या देऊन परतल्या. भिवाचा हिशेब सरळ होता: गोळ्या जन्मभराच्या, मासा एकवीस दिवसांचा.

आज एकविसावा दिवस. महाराजांनी अक्षयाचं लाइफ जॅकेट काढायला लावलं. म्हणे प्लास्टिकने लहर अडते. पोरगी होडीला बांधलेली दोरी धरून हसत पाण्यात उतरली. पोहण्यात ती बापाची लेक होती. जरा वेळाने तिचं अंग ताठ झालं, दोरी सुटली, हातपाय झटके देऊ लागले.

"कुणी हात लावू नका," महाराज म्हणाले. "विष बाहेर पडतंय."

होड्यांतून जयघोष उठला. खडकाच्या तळाशी अडकलेलं जाळं बुडी मारून सोडवणारा भिवा जागचा हलला नाही. त्याने उडी टाकली तेव्हा पाणी शांत झालं होतं.

देवाने लेकरू जवळ केलं, असं महाराजांनी संध्याकाळच्या प्रवचनात सांगितलं. लोक रडले. दुसऱ्या दिवशी होड्या पुन्हा भरल्या.

चौथ्या दिवशी दमयंतीबाई आल्या. सांत्वनाचा शब्द काढला नाही.

"भिवा, गादा तुझ्या होडीमागे कधी लागतो?"

गादा म्हणजे डॉल्फिन. जाळी फाडतो म्हणून इथला मासेमार हे नाव शिवी जोडल्याशिवाय घेत नाही. भिवा सवयीने बोलून गेला, "जाळं ओढून कुटी टाकली की." कुटी म्हणजे विकायच्या लायकीची नसलेली बारीक मासळी.

"आणि महाराजांच्या मेव्हण्याची होडी रोज सकाळी टोकाच्या खडकाआड काय करते?"

ती होडी भिवाने एकवीस दिवस पाहिली होती. तिच्यावर घिरट्या घालणारे पक्षीही पाहिले होते. पक्षी जमले म्हणजे खाली काय चाललंय, हे बुरोंडीचं शेंबडं पोरही सांगेल. मेव्हणा कुटी टाकायचा, गादे जमायचे, मग इकडे शंख. स्वतःच्या होडीवर ज्याला तो गादा म्हणायचा, त्यालाच महाराजांच्या होडीत त्याने देव म्हटलं होतं.

सकाळी तो शंखाआधी दर्यात गेला. भक्तांच्या होड्यांसमोर इंजिन मंद केलं आणि दोन टोपल्या कुटी पाण्यात ओतली. काळ्या पाठी वर आल्या.

"बघा महाराजांची कृपा," एकजण म्हणाला. "शंखाविनाही देव आला."

भिवाने त्याच्याकडे पाहिलं. "देव नाय. गादा हाय. मी टाकलेलं खातोय. माझी पोर बुडली तेव्हापण हे खातच होते."

महाराजांनी होडी वळवायला सांगितली. दुपारी दमयंतीबाई भिवाला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. तक्रारीत दोषी म्हणून महाराजांबरोबर त्याने स्वतःचं नावही लिहायला लावलं.

वाचकहो, भिवाला अक्कल नव्हती असं नाही. त्याचा धंदाच अकलेचा. ती त्याने महाराजांच्या होडीत चढताना किनाऱ्यावर ठेवली. तुम्ही ठेवू नका. कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्या आड काय चाललंय ते तिथे जाऊन पाहा, आणि त्याच्या शब्दावर औषध सोडू नका. घरात कुणी फिटचं असेल, तर आजची गोळी दिली का, एवढं आत्ता उठून बघा.