दार अडवायला बहीण

"मी काहून अडवू दार? मी काय बहीण हाओ त्याची?" मनकर्णा औक्षणाचं ताट हातात धरून सासूसमोर उभी होती.

"हळू बोल वं!" सासू पार्बताबाई दात आवळून बोलल्या. "घरी बहीण हाय, असंच मोतीरामनं मडमेले सांगतलं. नवी नवरी घरात घेताना बहिणीनं दार नाही अडवलं तर अपशकुन होते. पंधरा रोज तोंडाले कुलूप लाव. मंग ते जातीन विलायतेले, तू रायशीन इथंच. नाही तं बापाकडं जाय."

बापाकडे! काय उरलं होतं बापाकडे? चांदूर रेल्वेच्या नत्थुजी माळ्याचा संत्र्याचा बगीचा हुंड्यापायी गेला आणि त्या पैशावर जावईबापू बोटीत बसले. पोरगी विलायतेत राणीसारखी राहील म्हणून नत्थुजी गावभर छाती फुगवून फिरला. आता म्हातारा त्याच बगिच्यात रोजंदारीनं पाणी देतो आणि राणीसाहेब अमरावतीला सासरच्या मळ्यात मेथी खुडतात. "वर्षाच्या आत बोलावतो," म्हणाला होता मोतीराम. सहा वर्षं झाली. किती वाट पाहावी हो माणसानं! रोज कुंकू लावताना तिला वाटे, आज काहीतरी निरोप येईल. आला तो असा.

बाहेर टांगा थांबला. अख्खा पुरा, सगळी वस्तीच लोटली होती. मोतीरामची लग्नाची बायको कोण, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण एकाची जीभ हलेल तर शपथ. मोतीराम कोट सावरत उतरला. मागून मडम, गुंडाळलेल्या साडीत अडखळत. तिनं मनकर्णेला हात जोडले, अगदी मनापासून हसली. तिचा राग करावा तरी कसा! मनकर्णेला त्याचंच रडू आलं.

तिनं दोघांना ओवाळलं, ताट कोनाड्यात ठेवलं आणि चौकटीला दोन्ही हात लावून आडवी उभी राहिली.

मोतीरामनं वर न बघताच नोट पुढं केली. "घे, ओवाळणी."

"नोट नको."

"मंग काय पायजे?"

"नाव घ्या. बायकोचं. समद्या पुऱ्याले आयकू जाईन असं. तवाच दार सोडतो."

बायका पुढं सरकल्या. वेडी आशा! अजूनही तिला वाटत होतं, इतक्या लोकांसमोर, पेटत्या निरांजनासमोर याची जीभ अडेल. मोतीरामनं आत्ता कुठं तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले.

"घे ना बापा लवकर," पार्बताबाई म्हणाल्या.

"डोरोथी."

आपलं नाव ऐकून मडमेनं टाळ्या वाजवल्या. मनकर्णेचे हात खाली आले. वाट द्यायला ती ओट्यावर सरकली. दोघं आत गेली, त्यांच्यामागं सासू, सासूमागं मडम बघायला पुऱ्यातल्या बाया. बाहेर ती एकटीच उरली. ये म्हणायला कोणी आलं नाही.

"मनकर्णे! चहाचं आधन ठेव वं!" आतून हाक आली.

"सुनेले सांगा," ती बाहेरूनच म्हणाली.

टांगेवाला अजून ट्रंका उतरवत होता. पदर डोक्यावर घेऊन ती त्याच्यापाशी गेली.

"भाऊ, चांदूरची मोटार कोठून सुटते?"

"बसा बाई, सोडतो."

"टांग्याले पैसे नाहीत. रस्ता तेवढा सांगा."