जरा लक्ष असू द्या

बत्तीस वर्षं मी रोह्याच्या शाळेत गणित शिकवलं. दर वर्षी निदान दहा पालक घरी यायचे. कुणी वालाची पिशवी आणी, कुणी तांदूळ, आणि निघताना दारात चपला घालता घालता सगळ्यांचं वाक्य एकच, "मास्तर, पोराकडे जरा लक्ष असू द्या." मी वाल ठेवून घ्यायचो आणि लक्ष जेवढं देणार होतो तेवढंच द्यायचो. त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. त्यामुळे जग असंच चालतं अशी माझी पक्की समजूत होती.

आमचा एकुलता एक हेरंब हवाई दलात निवडला गेला, तेव्हा रोह्यातल्या अष्टमीच्या पुलापासून बाजारापर्यंत मी माणसं थांबवून थांबवून सांगितलं. अकादमीतून त्याचा दर रविवारी फोन यायचा. ते शिकाऊ विमान मला त्या फोनवरच पाठ झालं. पुढे पंखा, पण तो फिरवायला जेटसारखं टर्बाइन, म्हणून टर्बोप्रॉप. बसायला एकामागे एक दोन जागा, पुढे शिकणारा आणि मागे शिकवणारा. याच जातीची विमानं काही देशांत रॉकेटं लावून लढाईवरही जातात, हे सांगताना पोराचा आवाज चढायचा.

घोडं अडलं होतं एका पायावर. उड्डाणासाठी जोर दिला की विमानाचं नाक डावीकडे ओढतं. उजव्या पायाने पेडल दाबून ते सरळ ठेवायचं, आणि हेरंबचा पाय नेमका उशिरा पडायचा. बरोबरीची मुलं एकटी उडून आली होती, हा अजून मागे गुरुजी बसवूनच उडत होता. ठरलेल्या तासांत एकट्याने उडण्याची तयारी दिसली नाही, तर वैमानिक होणं तिथंच संपतं. त्याचे सर, स्क्वाड्रन लीडर चौबळ, मितभाषी. सगळं शिकवणं इंग्रजीत, पण हा चुकला की मागून कानात मराठीत एवढंच म्हणत, "पाय." एका रविवारी हेरंब खुशीत होता. सर त्याच्यासाठी वरिष्ठांकडे आणखी तीन उड्डाणं मागणार होते. तिनात जमेल, असं ते म्हणाले होते.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चौबळ म्हणजे आडनावावरून आमच्यातलेच निघाले, आणि माझ्या अंगातला पालक जागा झाला. बायकोला, श्यामलाला, विचारलं असतं तर तिने मोडता घातला असता. म्हणून पेणला एका जुन्या सहकाऱ्याला भेटून येतो, असं तिला सांगून निघालो. आगगाडी वाटेत कासू स्टेशनात अर्धा तास थांबवून ठेवली होती. माणसाला शहाणं व्हायला अर्धा तास पुष्कळ असतो. मी त्यात गुडघ्यावर वही ठेवून पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, हे आजही सांगतो. शेवट अर्थातच, मुलाकडे जरा लक्ष असू द्या.

पेणला पापडवाल्या गिरजाबाईंकडून पोह्याचे शंभर पापड घेतले. एवढे कुणाला, असं त्यांनी विचारलं. एका मोठ्या साहेबांना, असं मी ऐटीत सांगितलं.

"मंग येक पन मोडनार नाय असं बांधून देते," त्या म्हणाल्या आणि खरोखरच तसं बांधून दिलं. पापडांत पत्र घालून पार्सल तिथल्याच पोस्टातून रवाना केलं. घरी येताना मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

पुढच्या रविवारी श्यामला देवळात गेली असताना फोन आला.

"बाबा, तुम्ही सरांना पार्सल पाठवलंत?"

पोचलं का, पापड आवडले का, मी कौतुकाने विचारलं. मग लहान मुलाला समजवावं तसं त्याने मला सांगितलं. सरांनी पार्सल त्याच दिवशी वरिष्ठांपुढे ठेवलं आणि तसं लेखी कळवलं. तीन उड्डाणांची मागणी त्यांनी केलेली होती, ती स्वतःच मागे घेतली. हेरंबला बोलावून ते म्हणाले होते, "मी शब्द टाकला तो तुझं काम बघून. पण आता माझ्या शब्दाला पापडाचा वास येणार." आता गुरुवारी दुसरे शिक्षक मागे बसून शेवटची परीक्षा घेणार होते.

मी फोन करतो म्हणालो, तिकडे येतो म्हणालो, पाय धरतो म्हणालो.

"बाबा, आता तुम्ही काहीही करू नका."

काही न करणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. ते चार दिवस माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि श्यामलाला सांगण्याची हिंमतही नव्हती. गुरुवारी सकाळी पेपर उघडून बसलो. थोड्या वेळाने लक्षात आलं, की मी उजवा पाय फरशीवर जीव खाऊन दाबतोय. मला स्वतःची लाज वाटली, तरी पाय उचलवेना.

साडेअकराला फोन आला. "पाय वेळेवर पडला, बाबा," तो म्हणाला. "उतरताना चुकलं. मला उडण्यातून काढलंय."

ती तीन उड्डाणं मिळाली असती तर, हे मी विचारायला नको होतं, तरी विचारलं.

"माहीत नाही. आता ते कळायचंही नाही." मग हळूच म्हणाला, "आईला पार्सलचं बोलू नका. माझ्याच्याने झालं नाही, असं मी सांगतो तिला."

श्यामला त्याच्याशी बोलली, फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसून माझ्यासमोर बसली. पोराचं चुकलं असेल, पण पोर गुणी आहे, हे कुणीतरी त्या लोकांना सांगायला हवं, असं ती म्हणत राहिली.

"अहो, तुमचा हात लिहिता आहे," ती म्हणाली. "त्या चौबळ सरांना एक पत्र लिहून बघा ना. आपल्यातलेच आहेत ते."

नाही म्हणायचं, तर पार्सलचं सांगावं लागलं असतं. मी कपाटातून कागद काढला आणि टेबलाशी जाऊन बसलो.