सिन्नरला गेलेलं मोरपंखी वाण

मखमलाबादच्या गोटीरामला गुलाब पिकवायचा धंदा होता आणि शोभादर्शकं जमवायचं वेड. शाळेत पुठ्ठ्याच्या नळीत तीन आरसे आणि बांगड्यांचे तुकडे घालून आपण करायचो ना, तेच ते. फक्त गोटीरामची शोभादर्शकं म्हणजे भट्टीत काच तापवून, फुंकून, हातानं घडवलेली. एकात तेल भरलेलं आणि त्यात रंगीत काचा अशा सावकाश तरंगायच्या की बघणाऱ्याच्या चुलीवरची भाजी करपलीच समजा. एकदा एक विमा एजंट सकाळी त्याला डोळा लावून बसला, तो रात्री जेवूनच उठला. विम्याचं नावसुद्धा काढलं नाही त्यानं.

पण गोटीरामचा जीव होता मोरपंखी नळीवर. तिच्या टोकाला भिंग होतं. ती ज्याच्यावर रोखाल त्याचे सहा दिसायचे. कारागिरानं ती एकच केली आणि पुन्हा तशी जमेना म्हणून हात जोडले.

संक्रांतीला घात झाला. समाधान सुतार नवं कपाट करत होता, म्हणून गोटीरामनं सगळ्या नळ्या खोक्यात भरून मधल्या खोलीत ठेवल्या. त्याच दिवशी त्याच्या बायकोनं, नवसाबाईंनी, त्याला हळदी-कुंकवाचं वाण आणायला बजावलं होतं. गोटीराम ते साफ विसरला. नवसाबाईंनी खोकं उघडलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याचं कौतुक केलं.

“यंदा वाण लय भारी आणलं हो यांनी!” म्हणत त्यांनी आलेल्या प्रत्येक सवाष्णीच्या ओटीत एकेक नळी घातली.

गोटीराम मळ्यातून परतला तेव्हा रिकाम्या खोक्यात मांजर झोपलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो स्टीलचे डबे घेऊन दारोदार फिरला. बायांनी हसत हसत डबे घेतले, नळ्या दिल्या. शेजारची पल्लवी तर तिच्या नळीत उदबत्ती खोचायला भोक शोधत होती. सगळ्या आल्या, मोरपंखी तेवढी आली नाही.

“ती सिन्नरला गेली,” नवसाबाई म्हणाल्या. “आक्कामावशीकडं.”

“मग मागून आण की!”

“दिलेलं वाण मी मागू? माझ्या मावशीला? तुमचं तुम्ही बघा.”

गोटीराम सिन्नरला पोचला तर आक्काबाईच्या अंगणात ही गर्दी! मोरपंखी नळीनं तिथं राज्य उभं केलं होतं. एकानं आपली भाकड म्हैस तिच्यातून दाखवली, तर गिऱ्हाईक सहा म्हशी बांधायला दावी घेऊन आलं. ज्याच्या सभेला कुत्रंही फिरकत नव्हतं, असा एक उमेदवार नळीतून समोरची चार माणसं बघून गहिवरला आणि भाषण आवरेना. आक्काबाई स्वतः रोज सकाळी सुनेवर नळी रोखायची. सहा सुना एकदम भांडी घासताना बघून तिचा गुडघा दुखायचा थांबला होता म्हणे.

“मावशी, ती नळी...” गोटीरामनं हळूच सर्वांत मोठा डबा पुढं केला.

“डबा ठेव. नळी नाय भेटायची.”

“आतली काच फार नाजूक असते.”

“मी का तिनं शेंगदाणे कुटते?”

“तिनं डोळे बिघडतात!”

“मग तू येवढी वर्षं कशाला बिघडवले, जावईबापू?” बाया फिसकन हसल्या. ओसरीवर बसलेले आक्काबाईचे यजमान बहिरूबुवा म्हणाले, “देऊन टाक गं. ती माझ्यावर रोखली की तू सहा जणांना शिव्या देती, पण ऐकायला मी एकटाच असतो.”

आक्काबाईनं विचार केला. “वाण असं हातावर ठेवत नसतात. आज माझ्याकडं हळदी-कुंकू हाय. रांगेत बस, नाव घे, मग देईन.”

“मी? बायांत?”

“नको तर ती नळी पुतळाबाईला देते. ती आजच सटाण्याला चाललीय.”

गोटीराम चटकन सतरंजीवर बसला. त्याला हळद लागली, कुंकू लागलं, अत्तर लागलं. एकीनं टोपीत गजरा खोचला. “नाव घ्या, दाजी! नाव घ्या!” असा गिल्ला झाला. लग्नात नाव घ्यायच्या वेळी हा मांडवामागं लपला होता. आताही तो उठायला लागला. पण पुतळाबाईची पिशवी दाराशी तयार दिसत होती. त्यानं डोळे मिटले आणि सुटला:

“काचेच्या नळीत एकीच्या दिसतात सहा,
नवसाबाई एकच बरी, बाकीच्यांना कोण पाजील चहा!”

टाळ्या अशा पडल्या की पत्र्यावरची कबुतरं उडाली. म्हणतात, त्यातली काही अजून परतलेली नाहीत. आक्काबाईनं डोळे पुसत मोरपंखी नळी त्याच्या ओटीत, म्हणजे सदऱ्याच्या टोकात घातली. “रथसप्तमीपर्यंत आमच्याकडं पण यायचं हं, दाजी!” चहूकडून आमंत्रणं आली. गोटीराम सगळ्यांना “हो हो” म्हणत पळाला.

नाशिकच्या जीपवाल्यानं त्याचं कपाळ पाहिलं, गजरा पाहिला आणि काही न विचारता त्याला मागं बायकांच्या बाकावर जागा करून दिली. गोटीरामला त्याचं भानच नव्हतं. जीप हलताच त्यानं नळी डोळ्याला लावली. घाट आला. एका घाटाचे सहा घाट झाले, सहा ट्रक अंगावर आले, सहा दऱ्या गरागरा फिरल्या आणि गोटीरामच्या पोटातला तिळगूळ वर चढू लागला.

“अहो, काढा ती नळी!” शेजारची बाई पिशवी पुढं करत ओरडली.

गोटीरामनं एका हातानं पिशवी धरली. दुसऱ्या हातानं नळी मात्र नाशिक येईपर्यंत डोळ्यावरून काढली नाही.