गरिबाचा वाटा

डिसेंबरात फ्रान्सचे म्हातारे माजी राष्ट्रपती जिस्कार वारले आणि फेर्नांदबाई टीव्हीसमोरून उठायलाच तयार होईनात. पडद्यावर जिस्कार तरुण होता, उंच, सडपातळ, अ‍ॅकॉर्डियन वाजवत होता. मग साध्यासुध्या माणसांच्या घरी जेवायला निघाला होता. मग वेगवान आगगाडी, अठराव्या वर्षी मतदान, आणि बायकांचा तो कायदा. कायद्याची बातमी आली की फेर्नांदबाई आवाज वाढवायच्या. कान चांगले होते तरी.

"आई, किती वेळा बघशील तेच ते?"

"आपल्या मुलखाचा माणूस. मेल्यावर तरी बघू दे."

"जिवंत होता तेव्हा शिव्या घालायचीस."

"शिव्या आपल्याच माणसाला घालतात, आर्लेत. परक्याला कोण कशाला घालेल?"

आर्लेतनं रिमोट तिच्या हाताशी सरकवला. आई नव्वदीची, आपण सहासष्ट वर्षांच्या, बाहेर महामारी, घरात दोघीच. भांडण पुरवून वापरायला हवं होतं.

तिएर गावात त्यांचं घर उतारावर, नदीच्या बाजूला. गाव सुऱ्याचाकूंचं. आर्लेतचा बाप आयुष्यभर सुऱ्यांना मुठी बसवत आला आणि शेवटी फुप्फुसात शिंगाचा भुगा घेऊन गेला. घरात सुऱ्या ढीगभर. माणसं तेवढी कमी कमी होत गेली. स्वयंपाकघरातलं लांब टेबल मात्र होतं तसंच, आणि त्यावरचा जमिनीपर्यंत लोंबणारा टेबलक्लॉथही. दुसऱ्या कुणाच्या घरी एवढं लांब कापड कुणी घालत नसे. टेबलाखाली चमचा पडला तर आई तो उचलत नसे. आर्लेत झाडू फिरवायची तोही मान वळवून. मांजर तेवढं तिथे जायचं आणि डाव्या कोपऱ्यात झोपायचं, कुणाच्या तरी मांडीवर झोपावं तसं.

त्या कोपऱ्यात मिरेय बसायची.

मिरेय म्हणजे आर्लेतची धाकटी बहीण. जानेवारीत तीन राजांचा सण आला की घरोघर गालेत आणतात. बदामाचं सारण भरलेली, पापुद्र्यांची गोल रोटी, आणि आत कुठेतरी लपवलेली चिनीमातीची बी. घरातल्या सर्वांत लहानानं टेबलाखाली जायचं, म्हणजे लबाडी नको. वर आई एकेका तुकड्यावर सुरी टेकवून विचारणार, "ही कुणाची?" आणि खालून नाव येणार. ज्याला बी मिळेल तो राजा. माणसं असतील त्याहून एक तुकडा जास्त कापायचा; तो गरिबाचा, दारात अवचित येणाऱ्याचा.

पंच्याहत्तरच्या जानेवारीत मिरेय अठरा वर्षांची होती. आदल्या उन्हाळ्यात जिस्कारनं कायदा केला आणि रात्री झोपलेली पोर सकाळी उठली ती सज्ञान होऊन. बाप म्हणाला होता, "हिला वाढवली मी आणि मोठी केली त्या लांबुडक्यानं!" मिरेय म्हणाली, "मोठी झाले तर सिगारेट द्या." घर हसलं होतं.

हिवाळ्याच्या तोंडाशी तिला दिवस गेले. ज्याच्यापासून गेले तो पोरगा सैन्यात गेलेला, पत्रालाही उत्तर नाही. बायकांचा कायदा, गर्भपाताला मुभा देणारा, तेव्हा संसदेत मंजूर झालेला. राष्ट्रपतींची सही तेवढी व्हायची होती. आर्लेत भांडी पुसत होती तेव्हा चुलीपाशी आई मिरेयला दबक्या आवाजात म्हणाली, "थोडं थांब. आपला माणूस आहे, सही करणारच. मग रीतसर इस्पितळात जाऊ, मी येते बरोबर."

"माझं पोट त्याच्या सहीसाठी थांबतंय होय, आई?"

थांबली नाही. एका शनिवारी मैत्रिणीकडे जाते म्हणून क्लेरमाँला गेली आणि दुसऱ्या दिवशी सणाच्या जेवणाला परत आली. पांढरीफटक, पण हसत. लहान तीच, म्हणून टेबलाखाली तीच. पहिला तुकडा बापाचा. दुसरा आर्लेतचा. तिसऱ्याला खालून आवाज आला नाही. सगळ्यांना वाटलं, चेष्टा करतेय. आईनं सुरीची मूठ टेबलावर आपटली, "मिरेय, चेष्टा पुरे. बोल."

कापड उचललं ते बापानं.

लोकांना अपेंडिक्स म्हणून सांगितलं. जिस्कारची सही झाली तेव्हा तिच्या कबरीवरची माती अजून बसलीही नव्हती. त्यानंतर आईनं मिरेयचं नाव घेतलं नाही. रागानं नाही, रडून नाही; घेतलंच नाही. फोटो होते, पण "ती" असं म्हणायचीही वेळ ती येऊ देत नसे. गालेत यायची, पण बशा नुसत्या पुढे सरकवायच्या. टेबलाखालून विचारायचा खेळ संपला. गरिबाचा वाटा खिडकीवर ठेवायचा, सकाळी पाखरं न्यायची.

आर्लेतला आता दुसरं काही नको होतं. लग्न झालं नाही, त्याचं काही नव्हतं. फक्त आई जायच्या आधी तिच्या तोंडून एकदा ते नाव ऐकायचं होतं. नाहीतर मग ते म्हणणारी या जगात आपण एकटी, आणि एकट्यानं घेतलेल्या नावाला उत्तर कोण देणार? कधी कधी भांडी घासताना ती स्वतःशीच पुटपुटायची, मिरेय, मिरेय, आणि टेबलक्लॉथची किनार हलायची. वारा असेल. खिडक्या बंद असायच्या, पण जुन्या घरात वारा कुठूनही येतो.

सणाच्या दिवशी बेकरीवाली मास्कच्या आतून म्हणाली, "दोघीच ना यंदा? छोटी देते."

"दोन आणि गरिबाचा."

"गरीब येणार कसा, आठ वाजता संचारबंदी!" बेकरीवाली हसली. "टीव्हीवर म्हणत होते, राष्ट्रपतींच्या एलिझे राजवाड्यातल्या गालेतमध्ये बी घालतच नाहीत. प्रजासत्ताकात राजा कसा चालेल?"

"आमच्यात घाल," आर्लेत म्हणाली. "आमच्याकडे कुणाचंच राज्य नाही."

घरी आली तर टीव्ही बंद होता. आईनं चांगली बशी काढली होती, नवऱ्यानं मूठ बसवलेली सुरी काढली होती, आणि ती टेबलाशी उभी होती.

"घरात लहान कोण?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे लहान कोण? मी की तू?"

"आई, माझे गुडघे बघ."

"माझे बघ आधी. चल, हो खाली. नियम म्हणजे नियम."

आर्लेतला हसू आलं. टेबलाला धरून, कण्हत, एक शिवी देत ती खाली गेली. कापड तिच्यामागे पडलं. आत पिवळट अंधार होता, लाकडाचा आणि जुन्या मेणाचा वास, समोर आईच्या लोकरी सपाता. मांजर डाव्या कोपऱ्यात होतं. तिकडे तिनं पाहिलं नाही. पण त्या बाजूचा तिचा दंड गार पडत गेला, हिवाळ्यात बाहेरून आलेलं माणूस शेजारी येऊन बसावं तसा.

पापुद्रे कुरकुरले.

"ही कुणाची?"

"तुझी, आई."

"ही?"

"माझी."

सुरी पुन्हा टेकली, आणि कशावर तरी अडून टक् वाजली. बी.

"ही कुणाची?"

आता म्हणता आलं असतं. इतकी वर्षं जिभेवर घोळवलेलं नाव होतं, नुसतं ओठ उघडायचे होते. पण आर्लेतला ते उच्चारता आलं नाही. तिला कळलं, तेव्हाही असंच झालं असणार. खालून वरचा प्रत्येक शब्द ऐकू येतो, आणि उत्तर देण्याइतकं बळ उरत नाही. सपाता हलल्या नाहीत. वरती सुरीची मूठ लाकडावर आपटली.

"मिरेय," आई म्हणाली. "चेष्टा पुरे. बोल."

आवाज नव्वदीचा नव्हता.

आर्लेतनं तोंडावर हात दाबला. आई भ्रमात होती की शुद्धीवर, ते तिला तेव्हा कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही. शेवटी तिचा आवाज फुटला तो तिचा तिलाच ओळखू येईना.

"ही मिरेयची, आई."

वर सुरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग कापड उचललं गेलं, आर्लेतच्या बाजूनं नाही, डाव्या बाजूनं. सुरकुतलेला हात आत आला, त्यात बशी, बशीत तुकडा, तुकड्यातून चिनीमातीचं पांढरं टोक डोकावत होतं. मांजर उठून बाजूला झालं. बशी जमिनीवर अलगद ठेवली गेली. हात लगेच मागे गेला नाही. रिकाम्या जागेत, डोक्याच्या उंचीवर, क्षणभर तसाच राहिला, केसांवरून फिरवतात तसा फिरला.

"सही झाली गं," आई म्हणाली. "उशिरा झाली. खाऊन घे."

कापड पुन्हा पडलं. वर खुर्ची सरकली, आई बसली, आणि तिनं आपला तुकडा खायला घेतल्याचा आवाज आला.

आर्लेतचे गुडघे ठणकत होते. बाहेर यायला हवं होतं. ती आली नाही. जागा अडचणीची होती, म्हणून उजवीकडे जरा सरकून बसली.